सिस्टरना सांगूनही त्या पेशंटकडे लक्ष देत नसतील, तर जीडीएने (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीसाने) काय करावं?

बहुतेकदा घोळ सांगण्यात असतो. ‘सात नंबरचे आजोबा बरे दिसत नाहीत’ हे औषधांच्या राऊंडमध्ये अडकलेल्या सिस्टरच्या कानावरून जातं. आधी श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चुकतं. मग असं सांगा: ‘सिस्टर, बेड ७, श्वास २८, ऑक्सिजन ९०, सकाळी बोलत होते, आता गुंगीत आहेत. आत्ता येऊन बघा.’ ‘आत्ता’ हा शब्द गाळू नका.

बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर चुकतो, म्हणून दुसऱ्या बोटावरही बघा. युरोबॅगमध्ये (लघवी जमा होणाऱ्या पिशवीत) तासाला ३० मिलीपेक्षा कमी लघवी जमत असेल तर तेही सांगा, बॅग रिकामी करण्याआधी.

सिस्टर लगेच आल्या नाहीत तर पुन्हा सांगा, वेळ लिहून ठेवा आणि थेट इन्चार्ज सिस्टरकडे जा; त्याही नसतील तर आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) कळवा. ही चहाडी नव्हे. मात्र नातेवाइकांसमोर वाद नको, आणि सलाईनचा वेग किंवा ऑक्सिजन स्वतःहून बदलू नका. पेशंट हाकेला ओ देत नसेल तर हा क्रम विसरा, जागेवरून ओरडून मदत बोलवा.