कॅप्सूलच्या तपासणीसाठी एफडी मोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिमोग्लोबिन सारखं घसरतंय, गॅस्ट्रोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी (जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) दोन्ही नॉर्मल आल्या, म्हणून डॉक्टरांनी लहान आतड्यासाठी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला सांगितली आहे. विमा कंपनीने नकार दिलाय. मग एफडी मोडायची, की मोठ्या कव्हरची नवी पॉलिसी घेऊन वर्षभर थांबायचं?

नवी पॉलिसी डोक्यातून काढून टाका. हा त्रास अर्जात लिहावाच लागेल, आणि लिहिलात की बहुधा वेटिंग पीरियड, म्हणजे या त्रासाचे क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, मागे लागेल. लपवलात तर पुढचे क्लेमही अडकतील. शिवाय आतड्यात कुठे रक्त जात असेल, तर जागा सापडण्याची शक्यता रक्तस्राव ताजा असतानाच जास्त. उशिरा केलेली तपासणी कोरी निघाली, तर पैसे जाऊन हाती काहीच नाही.

तेव्हा एफडी मोडा, पण लागेल तेवढीच. साधारण 26 मिलिमीटर लांबीची ही कॅप्सूल 8 ते 12 तास फोटो काढत जाते आणि कमरेच्या रेकॉर्डरकडे पाठवते. बस्स, एवढंच. तुकडा काढणं, रक्त थांबवणं तिच्याच्याने होत नाही. काही सापडलं तर पुढे बलून एंटेरोस्कोपी (फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोलवर नेलेली दुर्बीण) किंवा ऑपरेशन, आणि मोठा खर्च तिथे आहे. उरलेली रक्कम त्यासाठी राखा. नकारपत्र नीट वाचा: ‘ॲडमिट न होता केलेली तपासणी’ हेच कारण असेल, तर पुढच्या उपचारांना सध्याची पॉलिसी उपयोगी पडू शकते. कंपनीकडून तसं लेखी घ्या.

हॉस्पिटलकडूनही कोटेशन लेखी मागा. हजारो फोटो बघून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांची फी त्यात धरली आहे का? कॅप्सूल एकदाच वापरायची असते. ती जठरातच रेंगाळून बॅटरी संपली, तर दुसरीचे पैसे कोणी भरायचे? क्वचित ती आतड्यात अडकते आणि काढायला ऑपरेशनही लागू शकतं. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा क्रोन्सची (आतड्याला सूज आणणाऱ्या आजाराची) शंका असेल, तर आधी विरघळणारी चाचणी कॅप्सूल द्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. तो जादा खर्च मी खुशाल करेन.

आणि ‘यजमानांचीही सोबतच उरकून घेऊ’ म्हणता, त्याला माझा साफ नकार. त्यांना काही तक्रार नाही ना? मग त्यांची एफडी आहे तिथेच राहू द्या.