म्युनिक की आखेन?

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल इंजिनियर आहे. मास्टर्ससाठी जर्मनीत म्युनिक आणि आखेन, दोन्हीकडचा प्रवेश मिळाला आहे. शहर कसे ठरवावे?
– एक पालक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आधी शुल्क पाहा. म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांकडून मास्टर्ससाठी सहसा सत्राला ४,००० ते ६,००० युरो घेते. आखेनच्या सरकारी विद्यापीठात नेहमीच्या अभ्यासक्रमांना फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते. पण तिथलेच काही इंग्रजी अभ्यासक्रम वेगळ्या अकादमीमार्फत चालतात आणि ते महाग आहेत. तेव्हा प्रवेशपत्र दोनदा वाचा.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीकच काढता येणारे खाते) ठेवायची रक्कम मात्र शहराप्रमाणे बदलत नाही. महिन्याला ९९२ युरो धरून वर्षाचे ११,९०४ (२०२४चा दर). म्युनिकमध्ये यातला मोठा वाटा भाड्यातच जातो.

खरी अडचण खोलीची. वसतिगृहाचा अर्ज आजच करा, रांग लांब असते. खासगी खोली घेताना जाहिरातीतल्या भाड्यात हीटिंग धरले आहे का ते विचारा. डिपॉझिट हीटिंग वगैरे खर्च वगळून तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. खोली न पाहता पैसे पाठवू नका, फसवणूक इथेच होते. घरमालक राहण्याचा सही केलेला दाखला देणार नसेल तर ती खोली सोडा; त्याशिवाय पत्त्याची नोंदणी होत नाही आणि पुढची कामे अडतात.

कर्ज काढून पाठवणार असाल तर आमचे मत आखेन. म्युनिकला वाहन कंपन्या जास्त, हे खरे. पण जर्मन येत नसेल तर त्याचा उपयोग थोडाच.