आजीला थँक्यू का म्हणायचं नाही?

लाडक्या बायला,

तुझा व्हॉइस मेसेज ड्यूटी संपल्यावर ऐकला. दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या टीचरने सांगितलं, कुमगार घेणं, म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाची भाकर घेणं, हे देवाचे आभार मानणं. म्हणून पेज वाढल्यावर तू आजीला थँक्यू म्हणालीस आणि ती फणकारली, "मी काय परकी आहे?" देवाचे आभार मानायचे, मग आजीचे का नाही? मराठी घरांत असंच असतं का, असं तू विचारलंस.

असंच असतं गं. घरच्या माणसाला धन्यवाद म्हटलं की त्याला चार पावलं लांब ढकलल्यासारखं होतं. पोदेर, आपला पाववाला, सकाळी पाव देऊन गेला की हीच आजी "देव बरें करूं" म्हणते, तेही थँक्यूच, ऐकलं असशील. घरात मात्र पानात वाढलेलं टाकायचं नाही, शेजारच्या काकूंची वाटी रिकामी परत पाठवायची नाही. आमचे आभार असेच चालतात.

येशूचंही तू नीट बघ. शेवटच्या रात्री त्याने भाकर घेतली, आभार मानले, मोडली आणि शिष्यांना दिली. थोड्याच वेळात आपल्याला धरून नेणार हे ठाऊक असताना आभार! मी अजून तिथे अडते. फादर वेदीवर तेच करतात, आणि त्यानंतर ती भाकर ख्रिस्ताचं शरीर असते ही आपली श्रद्धा. दिसायला कागदासारखी पातळ चकती, गव्हाचं पीठ आणि पाणी, खमीर नाही. चव शोधू नकोस.

करिंथ या ग्रीक शहरातले खातेपिते ख्रिस्ती लोक या भोजनाला आधीच जेवून, पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. येशूचा प्रेषित पौल याने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात त्यांना चांगलंच झापलंय: तुम्ही खाता ते प्रभूचं भोजनच नव्हे. वाटून खाल्लं नाही तर आभार कसले?

इथे मस्कतला रविवार कामाचा, म्हणून आम्ही शुक्रवारी मीसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातो. कुमगाराच्या रांगेत पुढे फिलिपिनो नर्स, मागे केरळचा ड्रायव्हर. भाषा कुणाची कुणाला कळत नाही, पण डावा तळवा उजव्यावर ठेवून हात सगळे सारखेच पुढे करतात.

आजीचे आभार बघायचे तर ऑगस्टात कणसांच्या फेस्ताला बघ. आपल्या गोव्यात रायला 5 तारखेला, ताळगावला 21 तारखेला नव्या भाताची कणसं इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये आशीर्वादित होतात. त्याआधी आजी नवा तांदूळ शिजवत नाही. शेजारचे काका चवथीच्या दिवसांत दारावर नवें, म्हणजे नव्या भाताची कणसं बांधतात, तेही तेच.

पण आजीचं सगळंच मला पटत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येऊन येशूच्या पाया पडतो एकटाच, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कुठे, असं येशू विचारतो. मला वाटतं ते नऊ घरचेच असणार, आपलंच समजून निघून गेले! तेव्हा थँक्यू राहू दे, पण पेज मस्त झाली म्हण आणि आपली वाटी आपण धुवून ठेव. कुरकुरेल, पण मनातून खूश होईल.

कुमगार घेण्याआधी एक तास पाण्याशिवाय काही खायचं नाही, पोदेराचा भोंपू वाजला तरी. आणि कुमगाराच्या फ्रॉकच्या बाह्यांचं माप अजून आलेलं नाही. आजीला आजच घ्यायला सांग, इथला टेलर घाई करतोय.

तुझी आई