पाणी उकळूनही जुलाब का झाले?

इंदूरच्या सुदामानगर भागातील एक आजी व त्यांची सून अकरा महिन्यांच्या बाळाला घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळाला तपासून विषाणूजन्य जुलाबाचे निदान केलेले होते. पण आजींचे समाधान झाले नव्हते. "नर्मदेचे पाणी आम्ही उकळून, गाळून देतो, लसही दिली आहे, मग हे आले कुठून? आणि अँटिबायोटिक का बरे लिहिले नाही?" असे त्यांनी विचारले. दात येत असल्यामुळे जुलाब होत असल्याचा संशय होताच; तो बहुतेक घरांत असतो.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिली जाणारी लस रोटाव्हायरसच्या गंभीर आजारापासून बाळाला वाचवते, मात्र नोरोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस या जुलाबाच्या इतर विषाणूंवर तिचा इलाज नाही. आणि अँटिबायोटिक तर कोणत्याच विषाणूवर चालत नाही. पुढे बोलता बोलता दोन गोष्टी कळल्या. बालवाडीत जाणाऱ्या थोरल्या नातवाला दोन दिवसांपूर्वी उलट्या झाल्या होत्या. शिवाय बाळाची शी धुतल्यावर आजी हात नुसते नळाखाली धरून पदराला पुसत आणि त्याच हातांनी त्याला मऊ वरणभात भरवत. पाणी कितीही उकळले, तरी हा मार्ग उघडाच राहतो. नोरोव्हायरस सॅनिटायझरलाही फारसा दाद देत नाही, म्हणून साबणाने चोळून हात धुणे हाच उपाय मी सांगितला.

सुनेची काळजी निराळी होती: "ओआरएस देऊनही जुलाब थांबत नाहीत." विषाणू लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा करतो आणि ते भरून यायला काही दिवस लागतात, तोवर साखर व मीठ योग्य प्रमाणात असलेले पाणी शरीरात शोषले जाते, म्हणजे ओआरएस जुलाब थांबवायला नसून गेलेले पाणी भरून काढायला आहे. ती मात्र वाटीभर पाण्यात अंदाजाने पूड टाकत होती. हे धोक्याचे आहे, कारण दाट झालेले ओआरएस जुलाब वाढवू शकते. एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी विरघळवून, प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर चमच्याचमच्याने पाजावे, उरलेले 24 तासांनी टाकून द्यावे, असे मी तिला मापाच्या भांड्यात करून दाखवले. अंगावरचे दूध आणि वरणभात चालू ठेवायचा होता, आणि झिंक रोज 20 मिलिग्रॅम याप्रमाणे चौदा दिवस, जुलाब आधी थांबले तरीही.

बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पिणे सोडले किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर रात्र काढू नका, तडक रुग्णालयात न्या, एवढे मी दोघींकडून परत म्हणवून घेतले.