परदेशात शिकारीसाठी वापरतात तो घडीचा ग्राउंड ब्लाइंड मराठवाड्यात फोटोग्राफीसाठी चालेल का? कोणता घ्यावा, कसा वापरावा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बीडजवळ राहता, नवीन कॅमेरा घेतलाय, आणि अमेरिकेतल्या व्हिडिओंत शिकारी लपून बसतात तसला घडीचा तंबू, म्हणजेच ग्राउंड ब्लाइंड, घ्यायचा विचार आहे. शेवटी सहज म्हणून विचारलंय की त्यात बसून एखादं रानडुक्कर मारलं तर चालतं का.

आधी शेवटच्याचं उत्तर देतो. चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नाही. फास लावणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच धरतात. डुकरांनी पीक तुडवलं असेल तर वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनामा करून घ्या. तंबू मात्र कॅमेऱ्यासाठीच घ्या.

आणि त्यासाठी तो चालतो, फार छान चालतो. मी गेली अकरा वर्षं हिवाळ्यात पैठणला नाथसागराच्या काठी आणि उन्हाळ्यात पाटोदा-आष्टीच्या माळावर असा आडोसा करून बसतोय. फक्त ही वस्तू वेगळ्या मुलखासाठी, वेगळ्या कामासाठी बनलेली आहे, हे ध्यानात ठेवून घ्यावी लागते.

पहिली गोष्ट रंगाची. हे तंबू बहुतेक ओकच्या जंगलाच्या छापाचे असतात, गडद हिरवी पानं आणि काळपट फांद्या. आपला माळ दिवाळीनंतर कसा दिसतो ते आठवा. कुसळी गवत वाळून पिवळं पडलेलं, मध्येच मुरमाचा तांबूस पट्टा, लांब कुठे एखादी बाभळ. तिथे तो हिरवा तंबू फर्लांगभरावरून उठून दिसतो. मी पहिला घेतला तो असाच होता, आणि पाटोद्याकडच्या एका पाझर तलावाशी तो लावून सलग दोन सकाळी बसलो तर टिटवीसुद्धा जवळ आली नाही. वाळक्या गवताचा किंवा साधा मातकट रंग मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर वरून तरट टाका. तुरीची, सोयाबीनची जुनी पोती उसवून शिवली की उत्तम आच्छादन होतं. त्यावर आसपासच्याच काड्या खोचायच्या: कापसाचं रान असेल तर पऱ्हाट्या, तुरीचं असेल तर तुराट्या. छपाईपेक्षा या काड्यांचाच उपयोग जास्त, कारण त्यांनी तंबूच्या सरळ कडा मोडतात. रानात सरळ रेघ कुठेच नसते, आणि पाखराची नजर आधी तिच्यावरच जाते.

नवीन कापडाला चमक असते. ती घालवायला तंबू चार-आठ दिवस उन्हात टाका, चिखलाचा हात फिरवा. साबणाच्या पावडरने मात्र कधीच धुऊ नका. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जी द्रव्यं घालतात ती अतिनील किरणांत चमकतात. आपल्याला ते किरण दिसत नाहीत, पण हरणांना आणि बऱ्याच पक्ष्यांना दिसतात. नुसतं पाणी आणि ब्रश पुरे.

आता प्रकार. एक स्प्रिंगचा, पिशवीतून काढला की टुणकन उघडतो. तो हलका असतो, पण वाऱ्याला टिकत नाही, आणि घडी घालायला शिकावं लागतं. दुसरा हबचा: चारी भिंतींच्या आणि छताच्या मध्यावर एकेक गाठ असते, ती बाहेर ओढली की भिंत ताणून उभी राहते. हा साधारण सहा ते नऊ किलोचा, आत दोन माणसं बसतात. तिसरा म्हणजे नुसती अंगावर घ्यायची खोळ, तिला डोक्यापाशी जाळी आणि लेन्ससाठी बाही. मराठवाड्यात एकच घ्यायचा असेल तर मी हबचा, एका माणसाच्या आकाराचा सांगेन. खोळ नाथसागराच्या काठी चांगली चालते, कारण तिथे पाणी हटत जातं तशी जागा रोज बदलावी लागते.

विकत घेताना बहुतेकांचं खिडकीकडे दुर्लक्ष होतं. शिकाऱ्याचे तंबू खुर्चीवर बसून बाण किंवा बंदूक चालवायला केलेले, म्हणून खिडक्या छातीच्या उंचीला. आपल्याला पाखराच्या डोळ्याच्या पातळीवर यायचं असतं, म्हणजे जमिनीपासून फूट-दीड फूट. खालची खिडकी नसेल तर शिंप्याकडून कापून घ्या. चेन आणि वेल्क्रोच्या खिडक्या टाळा. पहाटेच्या शांततेत वेल्क्रो उघडल्याचा आवाज खोकडाला (माळावरच्या छोट्या कोल्ह्याला) कुठल्या कुठे ऐकू जातो. हूक किंवा लाकडी बटण बरं. काही तंबूंत बाण आरपार जाईल अशी जाळी खिडकीला लावलेली असते. बाणाला ती चालते, लेन्सला नाही. फोटो धुरकट येतो. ती काढून टाकायची आणि लेन्सभोवती तेवढी सैल जाळी बांधायची.

तंबू आतून काळा असतो तो मुद्दाम. आत अंधार असेल तर बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पाठीमागची आणि बाजूची खिडकी उघडी ठेवायची नाही. ठेवली तर तुमची आकृती उजेडावर उमटते आणि मान हलवली तरी कळतं. कपडे काळे किंवा गडद घाला, आत छापील कपड्यांचा काही उपयोग नाही. खिडकीपासून हातभर मागे बसा. लेन्सचं तोंड बाहेर येऊ देऊ नका. येणारच असेल तर चार दिवस आधीपासून तिथे काळ्या पाइपचा तुकडा अडकवून ठेवा, पाखरांना त्या गोल तोंडाची सवय होते.

सवय हीच खरी गोष्ट आहे. तंबू तुम्हाला लपवतो ते कापडाने कमी आणि दिवसांनी जास्त. आमच्या आजोबांचा ज्वारीच्या रानात माळा असायचा, हुरड्याच्या दिवसांत त्यावर बसून ते गोफण फिरवायचे. भोरड्यांचे थवे गोफणीला भ्यायचे, माळ्याला नाही. माळा पेरणीपासून तिथेच उभा असायचा. तुमचा तंबूही असाच जुना व्हायला हवा. शक्य असेल तर आठवडाभर आधी लांब लावा आणि रोज संध्याकाळी थोडा पुढे सरकवा. तंबू चोरीला जाईल अशी भीती असेल, आणि ती खरी आहे, तर चार काठ्या आणि तरट एवढंच आधी उभं करा. बसायच्या दिवशी पहाटे त्याच तरटाखाली तंबू घाला.

मी पहिल्यांदा हे नीट केलं ती सकाळ सांगतो. एप्रिलचा शेवट, माळावरचं एकच डबकं उरलेलं. तरट सहा दिवस उभं होतं. पाचच्या आत आत शिरलो. उजाडलं तसा चंडोल बोलायला लागला, मग एक माळटिटवी येऊन माझ्यापासून पाच-सहा पावलांवर उभी राहिली. इतकी जवळ की तिच्या चोचीच्या मुळाशी लोंबणारी पिवळी कातडी श्वासागणिक हलताना दिसत होती. ऊन चढून तासभर झाल्यावर आधी आवाज आला, मग पखुर्ड्यांचा (इंग्रजीत सँडग्राउस) थवा डोक्यावरून एक फेरी मारून गेला. त्या पाण्यावर थेट कधीच उतरत नाहीत. लांब मुरमावर उतरल्या आणि उतरल्या तशा दिसेनाशा झाल्या, इतका त्यांचा रंग त्या मातीचा. मग माती चालायला लागली. एका रांगेत पाण्यापर्यंत आल्या, माना खाली घातल्या आणि काही सेकंदांत सगळ्या एकदम उडाल्या. त्या काही सेकंदांसाठी चार तास बसलो होतो. माझे हात थरथरत होते, अर्धे फोटो हललेले आले. पण त्या पिण्यात माझ्यामुळे खंड पडला नाही, याचा आनंद मला आजही त्या फोटोंपेक्षा मोठा वाटतो. रंगीत पखुर्डी हवी असेल तर मात्र वेळ वेगळी, ती दिवस मावळल्यावर पाण्यावर येते.

दिशा ठरवताना ऊन आणि वारा दोन्ही बघा. सकाळी ऊन पाठीशी हवं म्हणून पाण्याच्या पूर्वेला बसायचं, तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणजे तुमचा वास तुमच्या मागे जातो आणि समोरचं जनावर निर्धास्त येतं. हिवाळ्यात वारा उलटा, पूर्वेकडून असतो. तेव्हा त्याच जागी बसलात तर काळवीट, कोल्हा, खोकड यांना तुमचा वास आधी पोचतो. म्हणून थंडीत जनावरांसाठी संध्याकाळ धरा, पश्चिमेला बसून पूर्वेकडे तोंड करा. पक्ष्यांसाठी वाऱ्याची एवढी काळजी नको.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्यांचा काळ्या जमिनीत भरवसा धरू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, खुंटी ठोकली की ढेकूळच निघून येतं. ओल असेल तर चिखलात खुंटी धरतच नाही. मी चार रिकाम्या गोण्या नेतो, तिथेच माती भरतो आणि चारी कोपऱ्यांना बांधतो. मे महिन्यात दुपारी वावटळ येते, एकदा माझा तंबू तिने उचलून बांधापलीकडे टाकला. नशिबाने मी आत नव्हतो. आणि मे महिन्यात दहाच्या पुढे आत बसूच नका. बाहेर चाळीसच्या वर पारा असताना काळ्या कापडाच्या आत माणूस भोवळ येऊन पडू शकतो. दोन लिटर पाणी, मीठ-साखर, ओला पंचा जवळ हवा. खायला पोळी-चटणी फडक्यात बांधून न्या, प्लास्टिकची पुडी आत उघडता येत नाही. खाली जाड ताडपत्री टाका आणि बसण्याआधी टॉर्च मारून विंचू, फुरसं बघा.

आत शिरताना शक्य तर जोडीला कुणीतरी न्या. दोघं तंबूपर्यंत जा, एक आत राहा, दुसरा उघड उघड परत चालत जाऊ दे. बऱ्याच पाखरांना वाटतं माणूस गेला. निघतानाही त्यालाच यायला सांगा. तंबूतून अचानक माणूस बाहेर आला तर पाखरं पुढे त्या तंबूवर विश्वास ठेवत नाहीत.

शेताच्या मालकाला, गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा. पहाटे रानात तंबू आणि आत माणूस दिसला तर गावकऱ्यांना संशय येणारच, त्यांचं चुकत नाही. जायकवाडीचा जलाशय, म्हणजेच नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, नायगावलाही मयूर अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीत तंबू लावायचा तर वनविभागाची परवानगी घ्या. परवानगी मागायला गेल्यावर तिथल्या वनरक्षकाशी बोला, कुठल्या बाजूला पट्टकदंब (हिवाळी पाहुणे राजहंस) उतरतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आता एक गोष्ट जी मी दर वेळी सांगतो. घरट्यावर तंबू लावू नका. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तीही ऐन उन्हाळ्यात. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात, पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणतात आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवतात. एका मे महिन्यात आष्टीकडच्या माळावर कुणीतरी अशा घरट्यापासून दहा फुटांवर तंबू ठोकून बसलेला मी पाहिला. टिटवी वर घिरट्या घालत ओरडत होती, उतरत नव्हती. मी जाऊन त्याला उठवेपर्यंत किती वेळ गेला होता कुणास ठाऊक. अंड्याला हात लावला नाही, पण वरून हात धरला तर खालच्या मुरमाची धग तळहाताला लागत होती. तीन दिवसांनी मी परत गेलो तेव्हा चारही अंडी तशीच होती आणि जवळ टिटवी नव्हती. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेही आहे. त्या माणसाकडे फक्त कॅमेरा होता.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. तुमच्या गावाजवळ एखादा पाझर तलाव किंवा काठ उतरता असलेलं शेततळं असेलच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे आठवडाभर सकाळी नुसते लांब बांधावर बसा, कॅमेरा घरी ठेवून. कोण कुठून येतं, कुठे उतरतं, किती वाजता येतं ते वहीत लिहा. तंबूची जागा त्या वहीतून ठरेल. मग जुनी पोती गोळा करा आणि मला कळवा, तरट कसं शिवायचं ते फोटो टाकून दाखवतो.