दुसऱ्या चेकचे पैसे आधीच बाजूला काढ

स्टार्टअपमध्ये पहिल्यांदाच पैसे घालतोयस, तर सगळी रक्कम पैसे उभारणीच्या पहिल्या फेरीतच संपवू नकोस. माझ्या मते निम्मी तरी पुढच्या फेऱ्यांसाठी राखावी. हिशेब बघ. नवे पैसे धरून ५ कोटी मूल्यांकन असताना तू १० लाख दिलेस, म्हणजे हिस्सा २ टक्के. पुढे कंपनीने १० कोटी उभारले, ते धरून मूल्यांकन ५० कोटींवर गेलं, की तुझे २ टक्के १.६ वर येतात. ते २ वर टिकवायला आणखी २० लाख लागतात, पहिल्याच्या दुप्पट! शिवाय हिस्सा टिकवण्यापुरते पैसे पुढच्या फेरीत घालण्याचा हा हक्क, म्हणजे प्रो-राटा, करारात लिहून घेतला नसेल, तर खिशात पैसे असूनही तुला कोणी विचारणार नाही.

नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एज कंपनीने २०१० मध्ये झोमॅटोत सुरुवातीला सुमारे ४.७ कोटी घातले आणि नंतरच्या फेऱ्यांतही ती पैसे घालत राहिली. म्हणूनच २०२१ च्या आयपीओच्या वेळी तिच्याकडे मोठा हिस्सा उरला होता.

पण चांगल्या कंपनीमागे जाणं वेगळं आणि बुडतीला टेकू देणं वेगळं. एका संस्थापकाच्या शब्दाखातर मी ब्रिज राउंडला, म्हणजे पुढची मोठी फेरी होईपर्यंत तग धरायच्या छोट्या फेरीला, पैसे दिले. नवा गुंतवणूकदार एकही नव्हता, तिथेच थांबायला हवं होतं. शीटमध्ये विक्री दर महिन्याला वाढताना दिसत होती. शेजारचा वसुलीचा रकाना मी नीट वाचलाच नाही. सात महिन्यांत ऑफिसला कुलूप लागलं. तू तो रकाना आधी वाच, आणि त्यांच्या दोन-तीन जुन्या ग्राहकांना स्वतः फोन कर.