व्हॅन, वाहन आणि बंदरावरचा टेम्पो

वेंगुर्ल्याच्या एक वाचक काकू लेकीकडे हॅम्बुर्गला महिनाभर राहून आल्या. रस्त्यावर जिकडेतिकडे व्हॅनच, म्हणतात. टपावर शिडी बांधलेली प्लंबरची, पार्सलवाल्याची, पोलिसांची, आत चूल-बिछाना असलेली सहलीची. या सगळ्यांना मराठीत काय म्हणायचं, आणि ‘व्हॅन’ आपल्या ‘वाहन’वरूनच आला ना, असं त्यांनी विचारलंय.

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ही ‘वाहन’ची थाप ऐकून ऐकून कान किटलेत. नाही हो, नाही! कानाला सारखं लागलं की सोयरीक जुळवायची, तर मग मालवणातलं ‘वण’सुद्धा व्हॅनच म्हणा. ‘व्हॅन’ हे फारसी ‘कारवान’चं, म्हणजे प्रवाशांच्या तांड्याच्या नावाचं, शेपूट. फ्रेंचांमार्फत तो शब्द इंग्रजीत ‘कॅरॅव्हॅन’ झाला, झाकलेल्या मोठ्या गाडीलाही लागला, आणि 19व्या शतकात इंग्रजांनी मुंडकं उडवून शेपूट तेवढं ठेवलं. ‘ऑम्निबस’चीही तीच गत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’, त्यातलं ‘बस’ म्हणजे निव्वळ विभक्तीचा प्रत्यय. आपण थांब्यावर तासभर ताटकळतो ते एका प्रत्ययासाठी! उरलेलं मुंडकं शाळेची पोरं कोंबून नेणाऱ्या ओम्नीला मिळालं.

‘कारवान’च्या मुळाशी काही विद्वान संस्कृत ‘करभ’ म्हणजे उंट बांधतात. त्यांचा उंट त्यांना लखलाभ. मला तिथे जुन्या फारसीतला ‘कार’ दिसतो. कार म्हणजे फौज, लोक. प्राचीन इराणच्या सम्राट दारियसच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तांडा माणसांचा असतो, उंट नुसता भारवाहू. उंटवाल्यांनी आधी तो लेख वाचावा, मग कोश लिहावेत.

आणि ‘वाहन’ची रक्ताची नातलग हवीच असेल, तर काकू, ती तुमच्यासमोरून रोज जात होती. फोक्सवॅगनच्या नाकावरच्या गोलात दोन अक्षरं असतात ना, त्यातलं खालचं. जर्मन ‘वागन’, इंग्रजी ‘वॅगन’ आणि आपला ‘वह्’ धातू एकाच मुळाचे. फोक्सवॅगन म्हणजे अक्षरशः लोकवाहन!

हां, मराठी शब्द राहिलाच. बंदरावर बांगड्याचे क्रेट ज्यात चढतात, बर्फाचं पाणी ठिबकवत जी घाट चढते, ती गाडी कुठल्याही कंपनीची असो, आपल्याकडे तो ‘टेम्पो’. हे नावही हॅम्बुर्गच्याच एका कारखान्याचं. 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि नाव इथे रुजलं. तेव्हा तिथे लेकीला बिनधास्त ‘तो बघ टेम्पो’ म्हणायचं होतंत. शेजारच्या एखाद्या जर्मन आजोबांनी मान वर केली असती.